आधी चेंडूकडे पाहा

ज्या शिक्षकाने आपल्या नोकरीची बहुतेक वर्षे प्रार्थनेनंतरच्या चार शब्दांत पडद्यावरच्या खेळांविषयी मुलांचे कान उपटण्यात घालविली, त्यानेच मुख्याध्यापकपदी पोहोचल्यावर उन्हाळ्याच्या सुटीत रात्री अकरापर्यंत दूरचित्रवाणीसमोर बसून गोल्फ खेळावे, हे माझ्या विद्यार्थ्यांना कळले तर ते काय म्हणतील याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही ही कबुली मी आज वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण त्या खेळात मी एका तळ्यात इतके चेंडू बुडविले की, त्यातून काही शिकलो नसतो तर माझ्या शिक्षकीपणास बट्टा लागला असता.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझा भाचा सुरतेहून पंधरा दिवसांसाठी बडोद्यास आमच्याकडे आला. बारावीचा निकाल नुकताच लागला होता. कपड्यांच्या पिशवीबरोबर त्याने खेळाचे ते यंत्रही आणले होते. दोन दिवस मी त्याकडे काणाडोळा केला. तिसऱ्या दिवशी दुपारी डुलकी न लागल्यामुळे त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि चौथ्या दिवशी ते दोन मुठींत धरावयाचे खेळणे माझ्याच हातात होते.

गोल्फ हा खेळ आपणां मध्यमवर्गीयांच्या वाटेला सहसा येत नाही. वास्तविक हा खेळ आपल्या देशात जुना आहे. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला आणि ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. आपल्या बडोद्यातही लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे. त्या भिंतीलगतच्या रस्त्याने मी किती वेळा सायकल दामटली असेल याची गणती नाही. पण आत चेंडू कसा मारतात हे कधी पाहिले नव्हते. ते मला माझ्याच दिवाणखान्यात पाहावयास मिळाले.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानात अठरा ठिकाणी भोके असतात. प्रत्येक भोकाची रुंदी सव्वाचार इंच आणि त्यात खूण म्हणून झेंडा रोवलेला. दूरच्या एका जागेवरून काठीने चेंडू टोलवीत कमीत कमी फटक्यांत त्या भोकात घालावयाचा. खेळाडूला जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात. कोणती काठी चेंडू दूर नेणारी, तर कोणती उंच उडवून जवळ टाकणारी. भोकाभोवती गालिच्यासारखी कातरलेली हिरवळ असते. तेथवर नेणारा जो आखूड गवताचा पट्टा, तो फेअरवे. त्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना वाढू दिलेले जे दाट गवत, त्याला रफ म्हणतात. शिवाय वाळूचे खड्डे आणि तळी असतातच. किती फटके लागावेत याचा प्रत्येक भोकासाठी एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात.

पडद्यावरच्या खेळात काठी फिरविण्याचे काम बोटांना करावे लागते. पुष्कळ खेळांत यासाठी एक पट्टी असते. पहिल्यांदा कळ दाबली की पट्टीवरची खूण सरकू लागते, दुसऱ्यांदा दाबली की जोर ठरतो आणि तिसऱ्यांदा नेमक्या क्षणी दाबली की चेंडू सरळ जातो. १९८४ साली जपानच्या निन्तेन्दो कंपनीने 'गोल्फ' नावाचा असाच खेळ काढला. त्याची आज्ञावली लिहिणारे तरुण गृहस्थ सातोरू इवाता हे पुढे २००२ साली त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. २०१५ साली ते निवर्तले. पण तीन वेळा कळ दाबण्याची ही रीत अद्याप अनेक खेळांत टिकून आहे.

ही पट्टी मी चार दिवसांत बऱ्यापैकी साध्य केली. संस्कृतची रूपे ज्या चिकाटीने पाठ केली होती, त्याच चिकाटीने खूण नेमक्या जागी थांबवू लागलो. परंतु एका भोकापाशी माझी विद्या चालेना. पहिला फटका थोडा उजवीकडे जाई आणि चेंडू गवतात पडे. तेथून झेंडा दीडशे यार्डांवर दिसे. मध्ये तळे. मी दीडशे यार्डांची काठी निवडून पट्टीवर पूर्ण जोर घेई, खूण अचूक थांबवी आणि चेंडू तळ्याच्या बरोबर मध्यावर डुबुक करून नाहीसा होई. एकदा नव्हे, सात वेळा.

"यंत्रात काहीतरी बिघाड दिसतो," मी म्हणालो.

भाचा हसला नाही. तो म्हणाला, "मामा, तुम्ही झेंड्याकडे बघता. आधी चेंडूकडे बघा."

त्याने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केले. तेथे चेंडूचे एक लहानसे चित्र होते, गवतात अर्धे रुतलेले, आणि त्याखाली लिहिले होते: ७५ ते ८५ टक्के. इतके दिवस मी ते वाचलेच नव्हते. पस्तीस वर्षे मुलांना 'प्रश्न नीट वाचा' असे सांगणाऱ्या माणसाने अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहिले होते.

त्या आकड्याचा अर्थ असा. या गवतातून कितीही बिनचूक फटका मारला, तरी काठीच्या पूर्ण पल्ल्याच्या पाऊण पट ते फार तर पंच्याऐंशी टक्के एवढेच अंतर चेंडू जाणार. दीडशेची काठी घेतली तर चेंडू ११२ ते १२७ यार्डांच्या दरम्यान पडणार. तळे ११० पासून १३५ पर्यंत पसरलेले. म्हणजे माझा प्रत्येक अचूक फटका अचूकपणे पाण्यातच जाणार होता! दोष पट्टीत नव्हता, बोटांत नव्हता. मी कोठे उभा आहे हे न पाहता कोठे जायचे एवढेच पाहिले, यात होता.

त्रैराशिक समजताच मला हुरूप आला. लगेच १८० यार्डांची काठी काढली. १८० चे पाऊणपट १३५, पंच्याऐंशी टक्के १५३. फटका मारला. चेंडू तळ्याच्या काठावर आपटला आणि मागे पाण्यात घसरला. पुन्हा मारला, तर या खेपेस हिरवळीवर पडला, पण थांबेचना. घरंगळत पलीकडच्या वाळूच्या खड्ड्यात गेला. मी भाच्याकडे पाहिले. तेव्हा त्याने दुसरा धडा दिला.

आखूड गवतावरून मारलेला चेंडू काठीच्या तोंडाला नीट भिडतो. त्या तोंडावर बारीक खाचा असतात. त्यांच्या घर्षणाने चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि हिरवळीवर पडल्यावर तो लवकर थांबतो. रफमध्ये काठी आणि चेंडू यांच्यामध्ये गवताची पाती येतात. ओल्या हाताने साबण धरावा तशी काठीची पकड सुटते, फिरकी कमी होते आणि चेंडू खाली पडल्यावर बराच धावतो. गवत विरळ असेल तर कधी कधी असा चेंडू अपेक्षेपेक्षा दूरही जातो. गवत दाट असेल तर उलट काठीच त्यात अडकते, तिचे तोंड वळते आणि चेंडू भलतीकडे जातो. म्हणून फार दाट गवतात लांब पल्ल्याची, उभ्या तोंडाची काठी काढणे धोक्याचे. तिरप्या तोंडाची आखूड काठीच तेथून चेंडू बाहेर काढू शकते. चांगल्या खेळांत हे सारे हिशेबात धरलेले असते.

ही केवळ पडद्यावरची बाब नाही. खऱ्या गोल्फमध्ये काठ्यांच्या खाचा इतक्या धारदार होऊ लागल्या की, गवतातूनही व्यावसायिक खेळाडूंना भरपूर फिरकी मिळू लागली आणि फेअरवे सोडून गवतात जाण्याची शिक्षाच उरली नाही. तेव्हा खेळाचे नियम ठरविणाऱ्या अमेरिकेच्या व ब्रिटनच्या संस्थांनी २०१० पासून वरच्या स्पर्धांत खाचांच्या आकारावर आणि कडांवर मर्यादा घातली. गवत हे गवतच राहिले पाहिजे, असा त्यामागचा विचार.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. ७५ ते ८५ असे दोन आकडे दिले की माझ्यासारखा शिक्षक सवयीने त्यांची सरासरी काढतो. ८० धरावे आणि मारावे. भाच्याचे म्हणणे असे की, सरासरीवर कधीच खेळू नये. तळे चेंडू आणि झेंडा यांच्या मध्ये असेल तर खालचा आकडा धरावा; तळे झेंड्याच्या मागे असेल तर वरचा धरावा. चूक ही होणारच आहे. कोणत्या बाजूची चूक परवडेल, एवढेच आपल्या हाती असते. १९० ची काठी घेतली तर चेंडू १४२ ते १६१ यार्डांवर पडेल. तळे नक्की ओलांडले जाईल. मग तो धावून मागे गेला तर फार तर वाळूत जाईल. वाळूतून बाहेर येता येते, पाण्यात मात्र चेंडूही जातो आणि एक फटक्याचा दंडही बसतो.

"आणि तुला इतकी लांब काठी या गवतातून मारण्याची खात्री वाटत नसेल तर?" मी विचारले.

"तर मी ११० ची काठी घेईन."

मी मनातल्या मनात हिशेब केला. ८२ ते ९३ यार्ड, वर आठ-दहा यार्डांची धाव. म्हणजे चेंडू तळ्याच्या अलीकडे आखूड गवतात थांबणार आणि झेंडा तेथून साधारण पन्नास यार्डांवर राहणार.

"अरे, पण हा तर पळपुटेपणा झाला!"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "पळालो कुठे मामा? तळ्याच्या अलीकडेच उभा आहे. अजून फटका आहेच की."

येथे मला वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'पळपुटेपणा' हा शब्द मी त्या मुलाला उद्देशून त्या आठवड्यात दुसऱ्यांदा वापरीत होतो.

आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्या मेहुण्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढचे पाच महिने बहिणीने आणि या मुलाने मिळून काढले. रुग्णालयात रात्रीची पाळी बहुतेक त्याचीच असे. सकाळी तेथून परस्पर शाळेत, दुपारी औषधे, संध्याकाळी वडिलांचा हात धरून पाच-पंचवीस पावले. याच महिन्यांत बारावीचा अभ्यास आणि याच महिन्यांत अभियांत्रिकीची देशपातळीवरील प्रवेशपरीक्षा. बारावीत तो बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झाला; प्रवेशपरीक्षेत मात्र क्रमांक फार मागे गेला. मी सुचविले की, त्याने एक वर्ष कोट्याला जाऊन राहावे, शिकवणी लावावी आणि परीक्षा पुन्हा द्यावी. पैशाची व्यवस्था मी भविष्य निर्वाह निधीतून करणार होतो. त्याने नम्रपणे नकार दिला. सुरतेलाच राहून बी.एस्सी. करीन, वडील हिंडू-फिरू लागले म्हणजे पुढचे पाहीन, असे तो म्हणाला. तेव्हा मी तो शब्द उच्चारला होता. आईवडिलांच्या आडोशाने परिश्रम टाळणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, असेही वर बोललो होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्याच्या गुणपत्रिकेत केवळ अंतर मोजले होते. चेंडू कोणत्या गवतातून मारला, हे पाहिलेच नव्हते.

पुढे या विषयावर थोडे वाचले, तेव्हा कळले की, गोल्फच्या जाणकारांनाही हे पाहण्यास फार वेळ लागला. कोणी किती फटक्यांत भोक गाठले, कितीदा फेअरवेवर चेंडू ठेवला, असे हिशेब वर्षानुवर्षे होत आले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिकांच्या असंख्य फटक्यांच्या नोंदी तपासून वेगळी रीत मांडली. अमुक अंतरावरून, अमुक प्रकारच्या गवतातून भोक गाठण्यास चांगल्या खेळाडूंना सरासरी किती फटके लागतात, हे आधी काढावयाचे. समजा, एखाद्या जागेवरून सरासरी ३ फटके लागतात आणि एका फटक्याने चेंडू अशा ठिकाणी गेला की तेथून सरासरी १.८ च लागतात. तर त्या एका फटक्याने १.२ फटक्यांचे काम केले, म्हणजे ०.२ ची कमाई झाली. या पद्धतीने पाहिले तर गवतातून मारलेला आणि झेंड्यापासून तीस फूट दूर थांबलेला चेंडू हा आखूड गवतावरून मारून वीस फुटांवर थांबलेल्या चेंडूपेक्षा सरस ठरू शकतो. शंभर यार्डांवरून नुसते गवत बदलले तरी व्यावसायिकांनाही सरासरी सुमारे एक-पंचमांश फटका अधिक लागतो. अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धांत २०११ पासून ही रीत प्रथम हिरवळीवरील फटक्यांसाठी अधिकृतपणे वापरली जाऊ लागली आणि नंतर इतर फटक्यांनाही लागू झाली. २०१४ साली ब्रॉडी यांनी त्यावर पुस्तकही लिहिले.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माझ्या शाळेचे निकालपत्रक उभे राहिले. डावीकडे नावे, उजवीकडे गुण, खाली टक्केवारी. सकाळी दुधाची पिशवी घरोघर टाकून येणारा मुलगा आणि घरी स्वतंत्र खोली असलेला मुलगा या दोघांचे गुण त्या पत्रकात एकाच ओळीत बसतात. पडद्यावरच्या खेळाने निदान कोपऱ्यात ७५ ते ८५ असे लिहिले होते. आमच्या पत्रकात तसा रकाना नाही. आणि ज्याने तो मनात तरी भरावयाचा, तो मुख्याध्यापक सात वेळा दीडशेची काठी घेऊन तळ्यात चेंडू टाकीत बसला होता.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गवतात चेंडू पडला म्हणून पार बदलत नाही. चार फटक्यांचे भोक चारचेच राहते. कोपऱ्यातला आकडा पाहून कोणी एक फटका माफ करीत नाही. परीक्षामंडळही करीत नाही. तो आकडा कीव करण्यासाठी नसतो, तसा सबब सांगण्यासाठीही नसतो. पुढची काठी कोणती घ्यावी हे ठरविण्यासाठी आणि मारलेला फटका खरोखर कसा होता हे ओळखण्यासाठी तो असतो. माझ्या भाच्याने हे माझ्या आधी ओळखले होते. गुण कमी पडले याची तक्रार त्याने एकदाही केली नव्हती. रुग्णालयातील रात्रींचा उल्लेखही त्याने कधी केला नव्हता. त्या मला बहिणीकडून कळल्या होत्या. त्याने फक्त आपला चेंडू कोठे आहे ते पाहून काठी निवडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी त्याला म्हणालो, "परवा मी जे बोललो, ते बोलायला नको होते."

त्याने बशीत बिस्किट मोडले आणि म्हणाला, "मामा, तुम्ही पैसे देणार होतात, ते काय कमी आहे?"

यावर काय बोलावे हे मला सुचले नाही. मग मीच विचारले, "तीन वर्षांनी पुढची परीक्षा देशील ना?"

"देईन. तोवर बाबा एकटे जिना उतरू लागतील."

जूनमध्ये त्याने सुरतेस बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. त्याने निवडलेली काठी योग्य होती की माझी, हे आज सांगता येणार नाही. पन्नास यार्ड अजून उरले आहेत. कोट्यास गेला असता तर कदाचित तळे ओलांडलेही असते. परंतु त्या गवतात उभा तो होता, मी नव्हतो, आणि खालचा आकडा धरावा की वरचा हे ठरविण्याचा अधिकारही त्याचाच होता. मामाच्या वाट्याला पिशवी उचलण्याचे काम येते. ते मी अजून करू शकतो आणि निधीतले पैसेही तसेच आहेत.

जाताना तो ते यंत्र आमच्याकडेच ठेवून गेला. "सध्या मला वेळ मिळणार नाही, तुम्ही खेळा," म्हणाला. मग एका रात्री त्याच भोकापाशी माझा चेंडू पुन्हा गवतात पडला. या वेळी मी आधी कोपऱ्यातला आकडा वाचला. मग ११० ची काठी घेतली. चेंडू तळ्याच्या अलीकडे आखूड गवतात थांबला. तिसरा फटका हिरवळीवर, चौथा भोकाच्या कडेला, पाचव्याने आत. पारपेक्षा एक जास्त. ही काही फुशारकी मारण्याजोगी कामगिरी नव्हे. तरी मी सुरतेस दूरध्वनी केला. पलीकडून आधी मेहुण्यांचा आवाज आला, थोडा अडखळत, पण स्पष्ट. "पाच?" ते म्हणाले. "पाण्यात न जाता? मग चांगलेच की."